सात सारख्या कुप्या

जर्मनीहून शिकून सोलापूरच्या कॉलेजात शिकवायला आले तेव्हा वाटलं होतं, वीज जाईल, यंत्रं नसतील. दोन्ही खरं निघालं, त्याचं काही नाही. मला आडवा आला तो नीटनेटकेपणा.

लोह आणि सेलेनियमचं संयुग अतिशय थंड केलं की त्यातून वीज अडथळ्याविना वाहते. त्यात सेलेनियमच्या जागी टेल्युरियम किती घालावं, हे शोधायला मी चार महिने खपून सात नमुने केले होते. सोमवारी ते मोजायला पुण्याला न्यायचे होते. शनिवारी तपासणी समिती येऊन गेली आणि बघते तर माझ्या हातच्या चिठ्ठ्या गायब! सातही कुप्यांवर एकच छापील लेबल : ‘लोह नमुना’.

“सर, आता कुठल्या कुपीत टेल्युरियम किती, हे कसं कळणार?”

विभागप्रमुख हसले. “सगळी काळी पूडच की, मॅडम. समितीला एकसारखं लागतं.”

“अर्ध्यापर्यंत घातलं की अडथळ्याविना वीज वाहण्याचा गुण वाढतो, सर. पूर्ण टेल्युरियमच भरलं की गुण जातोच. म्हणून तर सात वेगवेगळे केले.”

“मग सगळ्यांत अर्धंच घालायचं की! उगं चुकीचे कशाला बनवत बसलात?”

समितीनं शेऱ्यात लिहिलं होतं, ‘प्रयोगशाळा आदर्श.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, पुण्याची तारीख पुढे ढकलायची आणि सातही पुन्हा करायचे, पण एकटीनं नाही. रविवार असूनही सरांना घरून बोलावलं, तोंडाला मास्क बांधायला लावला आणि खल पुढ्यात सरकवला.

“पहिला नमुना शून्य टक्के टेल्युरियमचा, सर. घोटा.”