जावेच्या दारातली पाटी

पडघ्याच्या बसथांब्यावर माझ्या मागे दोघी उभ्या होत्या. एक सुवर्णा, दुसरी तिची मैत्रीण तानी; नावं त्यांच्या बोलण्यातूनच कळली.

“तानी, माझ्या जावेनं घराच्या कामाला लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर लावलाय.”

“बरं केलं की, सुवर्णा.”

“काय बरं? दारात त्याच्या नावाची पाटी लावलीय, लायसन नंबरासकट. येणारा-जाणारा थांबून वाचतो. आमच्या दारात कुत्रं थांबत न्हाय.”

“मग तूपण बोलाव त्याला.”

“बोलावला ना! सगळ्या भिंती ठोकून बघितल्या आन् म्हणतो, ताई, घर मजबूत हाय, काम काढायची गरज न्हाय.”

“सरळ माणूस दिसतोय.”

“कसला सरळ? तिच्याकडं तीन महिने राबतोय, माझ्याकडं नुसता चहा पिऊन गेला!”

“मग आता?”

“काल बाथरूमची भिंत मीच पाडली, पहारीनं. उद्या येतो म्हणालाय, पाटी घेऊन.”

“अगं बाई! मग आज आंघोळ कुठं केलीस?”

“कुठं म्हंजे? जावेकडं. तिचं नवं बाथरूम तयार झालंय. काय गरम पाणी येतं गं मेलीच्या नळाला!”