उल्काच्या वेण्या सोडताना

हॅलो?… नाही, ब्रेमबाई बाहेर बागेत आहेत. मी इथला भाडेकरू, भास्कर… अरे, मालिनीवहिनी! बरं झालं तुम्ही लगेच फोन केलात. मघाशी तुमच्याकडे विनयनं फोन उचलला, त्यानं दिला ना निरोप?

माझी तब्येत ठीक आहे… उल्काचीही. ताप वगैरे नाही. केसांचं आहे… केस, केस! अहो, डोक्यात फणी अडकलीय.

फणी… आईची, शिंगाची. तीच, उवांची म्हणा. आई रविवारी बहिणींना पेपरवर बसवून विंचरायची, मी इकडे येताना तिनं माझ्या ट्रंकेत घातली होती… नाही हो, उल्काला उवा नाहीत. पण परवा मंगळवारी शाळेचा पहिला दिवस. म्हटलं, वेण्या सोडून जरा नीट विंचरून द्यावं… मागे, मानेच्या वर. अजून तिथेच आहे… ओढली नाही. म्हणजे ओढली, एकदा. मग ती किंचाळली आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. अर्ध्या वेण्या सुटलेल्या, अर्ध्या तशाच, आणि मागे ती फणी.

कुणी म्हणजे? अबेनानंच घातलेल्या. या जर्मन गावात दुसरं कोण घालणार तसल्या आफ्रिकी वेण्या?… दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. स्वतः नर्स, तिला कळलं असणार लवकर परत येत नाही. म्हणून अगदी बारीक घातल्या, डोक्याला चिकटून, ओळीनं. टिकाव्यात म्हणून… जुलैच्या तीन तारखेला गेली ना ती ॲडमिट व्हायला. आणि सतराला… हो. आज नऊ आठवडे झाले त्या वेण्यांना.

ते कळतं हो मला, पण उल्का हात लावू देईल तर ना! जर्मनमध्ये सांगते, ‘या मम्मीनं घातल्यात.’ आज कशीबशी बसली, तर मी हे असं केलं… मुळाशी नवे केस वाढलेत, त्यांचा सगळा गुंता. लोकर गरम पाण्यात टाकल्यावर होते ना, तसा. आणि ठेवाव्यात तशाच, तर जट होईल. काल इथल्या न्हाव्याच्या दुकानात नेलं होतं. त्या न्हाव्यानं हातसुद्धा लावला नाही. म्हणाला, मुलासारखे बारीक कापून टाका, पुन्हा वाढतील. ब्रेमबाईंचंही तेच. त्यांनी टेबलावर कात्री काढून ठेवलीय… बाई वाईट नाहीत हो. त्यांच्या परीनं मदत करतायत. मलाही वाटायला लागलं, की… कापू का, वहिनी? तुम्ही सांगाल तसं करतो.

नको?… बरं, नको. पण ऐका ना, केस गळतायत तिचे. एक वेणी सोडली की हातात पुंजका येतो. प्रत्येक वेणीला! मी बशीत ठेवलेत सगळे… टाकवेनात. घरातलं एक माणूस गेलं, आता हिलाही काही झालंय की काय, मला काही सुचेना.

काय?… पुन्हा सांगा, जरा हळू… रोजचे? म्हणजे तुमच्या-आमच्या कंगव्यात रोज येतात ते?… नऊ आठवड्यांचे, वेणीतच अडकून राहिलेले?… थांबा, थांबा. गळून आधीच झालेले, फक्त बाहेर आज आले. म्हणजे आजार नाही? नक्की?… अबेनासमोर एवढा गोळा जमायचा? आणि तुम्ही घाबरलात म्हणून ती हसायची… मला हे काहीच माहीत नाही. शनिवारी मी लॅबमध्ये असायचो. तुम्ही शेजारच्या खोलीत वर्षभर होतात, आखेनला जायच्या आधी. तुम्हीच पाहिलंय ते. म्हणून तर तुम्हाला त्रास दिला. अबेनाच्या बहिणीला घानाला, अक्राला पत्र टाकलंय, पण ते कधी पोचणार, ती कधी लिहिणार.

तेल? लावतो ना, रोज… खोबरेलच. म्हणजे तळणीसाठी त्याची वडी मिळते ना दुकानात, पांढरी… अहो, खोबऱ्याचंच आहे, वेष्टनावर नारळ काढलाय!… हो, थिजतं. हो, मेणासारखं बसलंय… हसा, हसा. अबेनाही हसली असती.

डबा? कुठला डबा?… तो होय, पत्र्याचा, पिवळट लोण्यासारखं असतं त्यात. अक्राहून आलेला. आहे… नाही, वापरला नाही. तिच्या बाकी सामानाबरोबर ठेवलाय. अर्धा उरलाय, संपून जाईल म्हणून… उल्कासाठीच होता? मला वाटलं, अबेना स्वतःला लावायची.

रुमाल… रेशमी, जांभळा?… तुमच्या साडीचा? मला कुठे माहीत! हो, उशीखाली सापडला होता. अबेनाचा म्हणून तिच्या ट्रंकेत ठेवला. तिच्या तेलाचा वास होता त्याला… काय म्हणालात?… उल्काचा होता तो?… रोज रात्री. डोक्याला बांधून. उशीवर केस घासून तुटू नयेत म्हणून…



वहिनी, ती रोज मागायची हो. झोपताना. ‘माइन टूख, बाबा, माइन टूख.’ माझा रुमाल, माझा रुमाल. मला वाटलं, आईची आठवण येते म्हणून मागतेय. दिला तर आणखी रडेल. म्हणून मी म्हणायचो, हरवला. नऊ आठवडे मी त्या पोरीला सांगतोय, हरवला.

हो… हो, कळतंय. मुद्दाम नाही केलं, ते खरं. पण केलं ना.

बरं. सांगा आता काय करू. आधी पाणी?… पाण्यानं ओलं करायचं, मग डब्यातलं लावायचं. फणीच्या आजूबाजूला भरपूर. बोटांनी. विंचरायचं नाही… कुठून? वरून की खालून? मी वरून करत होतो, मुळापासून… तुम्हालाही आठवत नाही? मग कुणाला विचारू?… उल्काला? अहो, ती सहा वर्षांची आहे!… तिच्याच डोक्यावर व्हायचं, हे बरोबर. धरा हं, फोन ठेवू नका.

उल्का! ए बाळा! दार नको उघडूस, नुसतं सांग. मम्मी वेण्या कुठून सोडायची?… कात्री नाही, बाळा. मालिनीकाकू नको म्हणाल्या. मी ब्रेमबाईंनाही सांगतो. कुणी कापणार नाही… खरंच… आणि ऐक. तुझा रुमाल हरवला नव्हता. बाबानं ठेवला होता, ट्रंकेत. चुकलं बाबाचं.

थांबा, वहिनी. कडी वाजली.

आली. सरळ खोलीत गेली… अबेनाची ट्रंक उघडतेय. मला उघडवत नव्हती ती… आली परत. रुमाल, डबा, दोन्ही घेऊन. फणी अजून तशीच, मागे हलतेय.

आँ?… ती म्हणतेय, खालून. शेंड्यापासून. आणि मी वर बसायचं, तिनं खाली, माझ्या गुडघ्यांमध्ये. तसंच बसायच्या त्या दोघी… हो, हो, उल्का, तसाच बसतो… वहिनी, इथेच बसलीय, पॅसेजमध्ये जमिनीवर, टेलिफोनच्या टेबलाशी. मला विचारतेय, नव्या कोण घालणार. काय सांगू? मला तिपेडी येते फक्त, बहिणीच्या घालायचो… चार जाड तिपेड्या? चालतील? आणि मंगळवारी तशीच पाठवू शाळेत?… वाकड्या झाल्या तर?… बरं, तुम्ही म्हणता तर.

आता काय, उल्का?… म्हणतेय, बोलणं पुरे. एका हातानं होत नाही हे, मम्मी दोन्ही हात लावायची.

ठेवतो, वहिनी.