पारोळ्यापर्यंत

कामिनीची आई वारली, त्याच्या आदल्या दिवशीही छातीत धडधडतं म्हणून आई उंबऱ्यावरूनच आत वळली होती. "तुझ्यामुळे रोज उशीर होतो," म्हणत कामिनी एकटीच बाहेर पडली होती.

आज धुळ्याच्या स्थानकात, जळगावच्या बसमध्ये, तिच्या मागच्या बाकावर मायलेकींचं चाललं होतं.

"दिपमाला, मी उतरस. छातीत धडधड व्हस."

"माय, बस अजून सुटलीच नाही."

"म्हणीसन तर सांगस. सुटनी का मंग कशी उतरू?"

"दोनदा ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे."

"डॉक्टरनी छातीमा धडधड व्हस का?"

"जळगावला ललितदादाकडे कानबाई देवी बसलीय. मागच्या वर्षीही तू प्रसादाचे रोट खायला आली नाहीस."

"डबामा लई ये."

"कानबाईचे रोट घराबाहेर नेत नाहीत, हे तूच शिकवलंस ना?"

"शिकाडं. चुकनं मनं."

"मग कानबाईलाच धुळ्याला बोलावू?"

"बलाव. तिले कोठे भ्याव वाटस."

कंडक्टरने घंटी मारली. म्हातारी उठून उभी राहिली, तशी कामिनी मागे वळली.

"मावशी, पारोळ्यापर्यंत चला. तिथे घाबरलात तर मीही तुमच्यासोबत उतरते. धडधड थांबेपर्यंत बसू."

"तुले उशीर व्हई ना, बेटा."

"होऊ दे उशीर."