खिडकीजवळची खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष डॉ. ग्रोव्ह, व्यासपीठावरचे अधिष्ठाता साहेब, ज्यांच्या सत्कारासाठी आपण जमलो आहोत त्या वेरोनाबाई किट्रेज आणि त्यांचे यजमान, समोर बसलेली सगळी विद्वान मंडळी, आणि शेवटच्या रांगेत कोट न काढता बसलेल्या शर्ट कारखान्यातल्या माझ्या जुन्या मैत्रिणींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी नात रेनाटा हिनं भाषण कागदावर लिहून दिलं होतं. कागद पर्समध्ये आहे, पण चष्मा गाडीत राहिला. तेव्हा तोंडाला येईल ते बोलते. पर्समध्ये या समारंभाचं आमंत्रणपत्रही आहे. त्याचं शेवटी सांगते.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. नंतर कॉलर लावल्या, एकतीस वर्षं. नवीन मापाचा पहिला शर्ट शिवून झाला की मुकादम तो उलटा करायचा आणि एकेक शिवण ओढून बघायचा. शिवण टिकली तर पुढचं कापड कापायचं. वेरोनाबाईंनी बावीस वर्षं जो हस्तलिखित निधी सांभाळला, तो काय आहे हे मला त्यावरूनच कळलं. इतिहासवाले, साहित्यवाले पुस्तक लिहितात. ते छापायला जाण्याआधी विद्यापीठ स्वतःच्या खर्चानं बाहेरगावचे दोन जाणकार बोलावतं. ते दिवसभर टेबलाभोवती बसून शिवणी ओढतात. नियम एवढाच, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. आमच्या घरात हा नियम एक दिवस टिकला नसता.

अडीच वर्षांपूर्वी रेनाटाची पाळी आली. पुस्तक आमच्या कारखान्यातल्या अठ्ठावन्न सालच्या संपावर. सहा वर्षांत पुस्तक झालं नाही तर विद्यापीठ म्हणतं, बाई, सामान आवर. इथं शिकवायला लागून तिचं पाचवं वर्ष चालू होतं. आदल्या दिवशी वेरोनाबाईंचा फोन आला, "लुडमिलाबाई, तुमचा अक्रोडाचा रोल आणाल का? पाहुण्यांना आवडेल." मला कोण आनंद. दोन केले. एकात मनुका जास्त पडल्या, पण ते असो.

रोल ठेवून मी निघाले, तर वेरोनाबाई म्हणाल्या, "आता कुठे जाता, चारला मी गाडी सांगितली आहे. बसा निवांत." आणि मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. एका अंगाला तापलेला हीटर, दुसऱ्या अंगाला टेबल, आणि दारापर्यंत सहा प्राध्यापक. दाराशी मनगटावरचं घड्याळ बघत स्वतः वेरोनाबाई.

मिनेसोटाहून आलेल्या प्राध्यापक वाइस म्हणाल्या, "तिसरं प्रकरण हा या पुस्तकाचा खांब आहे. पण यंत्रांचा पट्टा लुडमिला ह्राब्चाकनं कापला, हे तिच्याशिवाय कोण सांगतं?"

दुसरे पाहुणे म्हणाले, "कारखान्याच्या कागदांत?"

"त्यात भलत्याच बाईला काढल्याची नोंद आहे. अॅना पेकार. कशाबद्दल काढलं, ते नाही."

सगळे रेनाटाकडे बघायला लागले. तिला बोलायची परवानगी नव्हती. मान लाल झाली, लहानपणी व्हायची तशी. ही गोष्ट मी तिला ती सात वर्षांची असल्यापासून सांगत आले होते. पुढे टेपवरही सांगितली. गोष्ट छान होती. खोटी होती.

तुम्हीच सांगा, मी काय करायचं? गप्प बसले तर माझ्या पोरीच्या नावावर खोटं छापून येणार. बोलले तर खांब पडणार, आणि पोरीची नोकरी त्याच खांबावर. मी म्हटलं, "मला जरा बाहेर जायचंय." सहाच्या सहा जण उठायला लागले. "नको नको, होत नाही आता," म्हणून मी परत टेकले. हीटरनं पोटरी भाजत होती.

मग उभी राहिले. डॉ. ग्रोव्ह, तुम्ही म्हणालात, "आजीबाई, जेवणापर्यंत नियम आहे." आठवतं? आणि वेरोनाबाई घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, "नियम लेखकासाठी आहे. आजीसाठी काही लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, पट्टा अॅनानं कापला. संपाच्या दुसऱ्या दिवशी मी फाटकातून कामावर गेले. कारणं होती, पण कारणं बाहेर उभ्या असलेल्यांनाही होती. अॅना आमच्यात मिसळून आत आली. मला वाटलं, हीसुद्धा फुटली, आणि जरा बरंच वाटलं. तिनं माझ्या टेबलावरची मोठी कात्री उचलली, पट्टा कापला, सबंध रांग थांबली. कात्री माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "घे गं, लुडो, तुझी आहे." साहेब धावत आला, म्हणाला, कोणी कापला? मी तोंडानं बोलले नाही. बोट दाखवलं. आठवड्याभरात अॅना नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली. कडेवर वर्षाची मुलगी होती.

मग वाइसबाई म्हणाल्या, "म्हणजे तिसरं प्रकरण अजून लिहायचं आहे."

रेनाटा तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एका रविवारी टेप घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, बस. पहिल्यापासून सांग. आणि सजवू नकोस." वेरोनाबाईंनी दारोदार सह्या गोळा करून तिला एक वर्ष वाढवून आणलं. पुस्तक या वसंतात आलं. पोरगी नोकरीत कायम झाली. मी इतकी खूश आहे की चर्चमध्ये लोक मला टाळतात. काही जणी वेगळ्या कारणानं टाळतात, तेही मला कळतं.

आता आमंत्रणपत्र. आमच्यासाठी तुम्ही नेहमी वेरोना किट्रेज. पत्रावर पहिल्यांदाच माहेरच्या नावासकट पूर्ण नाव छापलं आहे. स्वयंपाकघरात बसून मी ते बोट ठेवून तीनदा वाचलं. वेरोना पेकार किट्रेज.

मग एकेक आठवायला लागलं. पाहुण्यांना पाठवायच्या प्रती तुम्ही स्वतः काढता, आणि न वाचता एक पान टपालात टाकत नाही. म्हणजे तिसरं प्रकरण तुम्ही सगळ्यांच्या आधी वाचलं होतं. आमच्या टेकडीला जाणारी बस दर अर्ध्या तासाला असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण माझी गाडी चारची. तुम्ही ते पान फाडू शकला असता, रेनाटाचं पुस्तक अडवू शकला असता. तुम्ही फक्त मला खुर्ची दिलीत.

अध्यक्षांचे, विद्यापीठाचे आणि माझं रटाळ बोलणं सोसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही मागेपुढे झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या बोटाची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. ती वेरोनाबाईंकडे मागते, आणि घाई नाही.

आजही मी खिडकीजवळच बसले आहे. आता नियम मला. मी तोंड मिटून ऐकते. वेरोनाबाई, तुम्ही बोला. माझी गाडी चारला आहे.