खिडकीतला हात

नवऱ्याच्या, देवाजीच्या, क्षयाची इंजेक्शनं न्यायला कौसल्या पहिल्या एस.टी.नं उमरेडहून नागपूरच्या दवाखान्यात आली होती. रांगेत तिच्यापुढं, दर खेपेला भेटणारे मधुकरराव मास्तर पेपर वाचत उभे होते.

“ऐकलंत का बाई? अमेरिकेत उकळत्या झऱ्यात जिवंत जंतू सापडले!”

“काहून जी गुरुजी, नर्सबाई तं म्हणते, पाणी उकळलं का जंतू मरते.”

“हे नाही मरत. उद्या यांच्यापासून औषधंसुद्धा निघतील.”

“जंतूपासून औषध?”

“तुमच्या नवऱ्याचं इंजेक्शन तरी कशाचं? मातीतल्या जंतूचंच!”

“माती तं आमच्या गावात लय आहे. इंजेक्शनच तेवढं नाही.”

“विज्ञानावर विश्वास ठेवा. वीस वर्षांत बघा...”

“डाक्टर म्हणते, एक दिवस खंड पडू देऊ नको. वीस वर्षं नवऱ्याले कुठं ठेवू, गुरुजी?”

मास्तरांनी पान उलटलं. तेवढ्यात खिडकीतून कंपाउंडर ओरडला, “इंजेक्शनं संपली! सोमवारी या!”

खिडकी लागता लागता कौसल्येनं पुढं घुसून कोपरापर्यंत हात आत घातला.

“बाई, हात काढा!”

“कपाटात चार डबे दिसून राहिले मले.”

“ते साहेबांच्या ओळखीच्या लोकांचे आहेत.”

“मंग आमचीबी ओळख करून घ्या. आमच्या घरचे जंतू उकळत्या झऱ्यातले नाहीत जी, साध्या सुईनं मरते. तुम्ही इंजेक्शन काढा, मंग मी हात काढीन.”

रांग सोडून कोणीच गेलं नाही. आत कपाटाच्या कुलपात किल्ली फिरली.