मामांच्या नव्या चपला

जनावरांच्या डॉक्टरला माणसांचा किती वैताग येतो, ते मी सिन्नरच्या कृषी प्रदर्शनात बघितलं. आमचे मामा इगतपुरीकडून त्यांचा डांगी बैल घेऊन आले होते, मी सोबतीला. गेटवर डॉक्टरांनी बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर तपासला, लस टोचल्याची खात्री केली आणि पुढ्यातल्या उथळ खड्ड्यात भरलेल्या औषधाच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही आणि बैल, दोघं यातून चालत जा. तुमच्या गोठ्यातला रोग आत यायला नको."

बैल मुकाट्याने गेला. मामांनी मात्र चपला काढल्या, बगलेत मारल्या, अनवाणी पाण्यातून गेले आणि पलीकडे परत पायात घातल्या.

"काका, चपलाच बुडवायच्या होत्या."

"नव्या हायेत, साहेब."

"अहो, पण शेण त्यांनाच लागलंय ना?"

"म्हणून तर काढल्या. तुमचं पाणी लय घाण झालं असतं."

डॉक्टर कपाळाला हात लावेपर्यंत मागच्या अख्ख्या रांगेने चपला काढून हातात घेतल्या होत्या. एक आजी तर वाकून ते पाणी डोळ्यांना लावायला निघाल्या. त्यांना अडवायला डॉक्टर धावले, ते बुटांसकट थेट पाण्यात.

मामा हळूच म्हणाले, "साहेब, एवढी माणसं अनवाणी चाललीत, अन् तुम्ही बूट घालून?"

डॉक्टरांनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा बैलाकडे. मग खाली वाकून गुपचूप बूट काढले.