पुढच्या डाव्या चाकातील हवेबाबत

मी, खाली सही करणारा. नाव सोबत जोडलेल्या ओळखपत्राप्रमाणे. वय एकाहत्तर वर्षे. व्यवसाय: महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. राहणार: मुलाच्या घरी, पाण्याच्या टाकीसमोर, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे:

या प्रकरणातील फिर्यादी माझा मुलगा आहे. तो वकिली करतो. अपघातात जखमी झालेली माझी सून आहे. आपण काल ताब्यात घेतलेला टायरवाला आमचा कोणी नाही. फिर्यादीत असे म्हटले आहे की, मुलाने चारही चाकांत छत्तीस पीएसआय हवा भरण्यास सांगितले असता टायरवाल्याने हलगर्जीपणे सव्वीसच भरली. शाबूत राहिलेल्या तीन चाकांत पंचनाम्याच्या वेळी सव्वीसच आढळली, यावर कोणाचा वाद नाही. सव्वीस भरायला कोणी सांगितले, एवढाच प्रश्न आहे. मी तेथे उभा होतो.

गाडी सुनेची आहे. ती कवळ्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते व रोज गाडीने जाते-येते. मुलाने त्या गाडीला मोठ्या रिमवरचे बुटके टायर बसवून घेतले. त्यांची रबरी भिंत जेमतेम दोन बोटे उंच असते. सुनेने ते मागितले नव्हते. गाडी तिची, हौस त्याची. तेव्हापासून रस्त्याचा प्रत्येक सांधा तिच्या मानेत उमटू लागला. जेवताना ती म्हणाली, "अहो, जुनी चाकं परत लावून टाका ना. मला गाडी चालवायची आहे, मिरवायची नाही." मुलगा म्हणाला, "दोष चाकांचा नाही, हवेचा आहे." जुनी चाके परत लावणे म्हणजे नवी लावण्यात चूक झाली असे कबूल करणे. आमच्या घरात तो रस्ता फार पूर्वीपासून बंद आहे.

येथे आमच्या घरची रीत सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे गोष्टी मोजून ठरत नाहीत, वाद घालून ठरतात. रीत मी घालून दिली. एकाने पक्ष मांडावा, कारण द्यावे, दुसऱ्याने ते खोडावे; ज्याचे खोडता येत नाही त्याचे सर्वांनी ऐकावे. सून या घरात आल्यापासून एकदाही जिंकलेली नाही. ती निष्कर्ष आधी सांगते आणि कामाला लागते.

रविवारी सकाळी आम्ही तिघे टायरच्या दुकानात गेलो. टायरवाला म्हणाला, "असल्या टायरांत मी छत्तीस-अडतीस भरतो, साहेब."

मुलाने विचारले, "का?"

"का ते काय सांगू? सगळेच भरतात."

"सगळेच करतात हे कारण होत नाही."

त्यानंतर मुलाने पुढीलप्रमाणे युक्तिवाद केला. दाराच्या चौकटीवर छापलेला तेहतीस हा आकडा जुन्या टायरांसाठी आहे, तो नव्यांना बांधील नाही. टायरच्या भिंतीवरचा एक्कावन्न हा आकडा कमाल मर्यादेचा आहे, भरायचा नव्हे. ही दोन्ही विधाने खरी आहेत. तिसरे असे की, नवा टायर रुंद आहे, वजन जास्त जागेवर पसरते, म्हणून हवा कमी पुरते. आणि कमी हवेने गाडी मऊ चालते. सबब सव्वीस.

तिसरे विधान खोटे आहे. गाडीचे वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. बुटक्या टायरात हवेला जागा कमी, म्हणून तेच वजन पेलायला दाब जास्त लागतो. तो कमी पडला तर खड्ड्याची कड आणि रिम यांच्या चिमट्यात टायर चिरडतो. कोणत्या टायरने किती दाबाला किती भार पेलावा, याचे तक्ते टायर बनवणारेच देतात. गाडीचे वजन आणि तो तक्ता शेजारी ठेवले की काम झाले. वाद घालावा असे त्यात काही नाही.

सून गाडीतच बसून होती. ती म्हणाली, "तुमचं झालं की मला एवढंच सांगा, किती ठेवायची. मी तेवढी ठेवीन."

टायरवाला म्हणाला, "ताई, कॉम्प्रेसरला आज सुट्टी देतो. यांच्याकडेच भरपूर हवा आहे." ती हसली.

मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा. कुठे चुकतंय?"

मी म्हणालो, "मांडणीत दोष नाही. तिसरं विधान तेवढं तपासायला हवं."

माझे पहिले वाक्य संपताच मुलाने टायरवाल्याकडे बोट केले होते. "सव्वीस. चारही."

"सव्वीस म्हणजे टायर दबून बसेल, साहेब. मग मला बोल लावायचा नाही."

"मी सांगतोय ना."

शब्द हेच होते. टायरवाल्याने नळी लावली. माझे दुसरे वाक्य मी पुन्हा उच्चारले नाही.

मंगळवारी कामावर जाताना, जलवाहिनीसाठी खोदून अर्धवट बुजवलेल्या चरात गाडीचे पुढचे डावे चाक गेले. टायरची आतली भिंत फाटली, रिम वाकली, गाडी दिव्याच्या खांबावर गेली. पुढचा तपशील पंचनाम्यात आहे. सुनेच्या तोंडात नळी असल्याने तिचा जबाब होऊ शकलेला नाही. तो होईल किंवा नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत.

अंमलदारांनी मला विचारले, "म्हणजे काका, चोर सोडून संन्याशाला फाशी?" टायरवाला संन्यासी नाही. त्याला धोका दिसत होता, तरी त्याने हात झटकून काम उरकले. परंतु फिर्यादीतला आरोप तो नाही. सांगितली तेवढीच हवा त्याने भरली.

आज सकाळी रुग्णालयाच्या जिन्यात मुलगा मला म्हणाला, "बाबा, खोटं बोला असं मी म्हणतच नाही. आठवत नाही, एवढंच म्हणा. तुमच्या वयाचा माणूस ते म्हणाला तर कोणी प्रश्न विचारत नाही. मी अडकलो तर तिच्याजवळ कोण बसणार? तुम्ही?" न आठवणे हे असत्य विधान नसून विधानाचा अभाव आहे, त्यात कोणाची फसवणूक नाही, आणि शिक्षेने तिचे एक हाडही जुळणार नाही, असे त्याचे म्हणणे. मांडणीत दोष नव्हता. मी पायऱ्या उतरेपर्यंत विचार केला. मला त्याला उत्तर सापडले नाही.

मला आठवते.

माझा जबाब संगणकावर घेतला. तो मला माझ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, एकही शब्द बदलायचा नाही. मुलगा बाहेरच्या बाकावर बसलेला असल्याने, वाचताना दार उघडे ठेवावे अशी विनंती मी केली होती. ती मान्य झाली.